मनाशी बोलणारी पुस्तके

प्रस्तावना

मित्रहो, आपण निरनिराळ्या कारणांनी पुस्तके वाचतो. परीक्षेसाठी वाचतो, माहिती मिळवण्यासाठी वाचतो, कधी केवळ वेळ बरा जावा म्हणून वाचतो. पण काही पुस्तके अशी असतात, की ती वाचता वाचता आपली नजर पानावरून उठते आणि आपल्याच आयुष्याकडे वळते. 'त्या दिवशी मी असा का वागलो?', 'मला नेमके कशाचे दुःख होत आहे?' असे प्रश्न मनात उभे राहतात. घर, शेती, नोकरी किंवा रोजंदारी सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या अध्येत्यांना हे प्रश्न नवे नाहीत. मात्र त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवड मिळतेच असे नाही. मनन करण्यासाठी आणि स्वतःची काळजी घेण्यासाठी पुस्तके कशी साहाय्य करतात, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• 'मनन' आणि 'स्वतःची काळजी' या कल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करू शकाल;
• मननाला प्रवृत्त करणाऱ्या काही ग्रंथांची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• उपदेश करणारे पुस्तक आणि विचार करायला लावणारे पुस्तक यांतील फरक ओळखू शकाल;
• वाचनानंतर स्वतःची टिपणे लिहू शकाल;
• संबोधनाची रूपे योग्य रीतीने वापरू शकाल.

मूळ पाठ

(१)

शिलाईचे काम करणारी व्यक्ती अधूनमधून मशीन थांबवते, त्यात अडकलेले धागे आणि धूळ काढते, तेलाचे दोन थेंब सोडते आणि मग पुन्हा कामाला लागते. तेवढा वेळ शिलाई होत नाही. पण तो वेळ वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण इतके समंजस नसतो. दिवसभर राबल्यावर कोणी घटकाभर शांत बसले, तर त्याला आळशी म्हटले जाते. पुष्कळदा आपणच स्वतःला तसे म्हणतो.

स्वतःची काळजी घेणे म्हणजे चैन करणे नव्हे आणि स्वार्थही नव्हे. वेळेवर जेवणे, पुरेशी झोप घेणे, झेपणार नाही त्या कामाला नम्रपणे नकार देणे, दुखते आहे हे आपल्या माणसाला सांगणे आणि गरज पडल्यास मदत मागणे, या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. पण आपल्याला काय हवे आहे हे कळण्यासाठी आधी स्वतःकडे पाहावे लागते. हे पाहणे म्हणजे मनन. ते एकट्याने करणे कठीण असते, कारण विचार त्याच त्या वर्तुळात फिरत राहतात. अशा वेळी एखादे पुस्तक सोबतीला असले, तर त्या वर्तुळातून बाहेर पडण्याची वाट दिसू शकते.

(२)

एकोणिसाव्या शतकातील बंगालमध्ये राससुंदरी देवी नावाची एक गृहिणी होती. बाराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार तिच्यावर येऊन पडला. स्त्रीने अक्षर ओळखणे त्या काळी अशुभ मानले जाई. तरीही 'चैतन्यभागवत' हा ग्रंथ आपल्याला वाचता यावा, अशी तीव्र इच्छा तिच्या मनात निर्माण झाली. तिने त्या ग्रंथाचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपवून ठेवले. तिचा मुलगा ताडपत्रावर अक्षरे गिरवीत असे. त्याचेही एक पान तिने मिळवले. चुलीपाशी काम करता करता, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने, ती दोन्ही पानांवरील अक्षरे ताडून पाहू लागली. लहानपणी कानांवर पडलेली अक्षरे आठवून, त्यांची सांगड घालून ती हळूहळू वाचायला शिकली. तेव्हा तिचे वय सुमारे पंचवीस वर्षांचे होते. लिहिणे तर ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी शिकली आणि पुढे तिने 'आमार जीबन', म्हणजे 'माझे जीवन', हे आत्मचरित्र लिहिले. बंगाली भाषेतील ते पहिले आत्मचरित्र मानले जाते.

या पुस्तकातील एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाहुणे, मुले आणि स्वयंपाक यांच्या रगाड्यात आपल्याला जेवायलाच कसे मिळाले नाही, हे राससुंदरीने त्यात सविस्तर सांगितले आहे. सर्वांना वाढणारी स्त्री उपाशी राहिली आणि घरातील कोणाच्या ते लक्षातही आले नाही. तेव्हा तिने याविषयी कोणाकडे तक्रार केली नाही. पण पुढे आयुष्याकडे मागे वळून पाहताना तो दिवस तिला आठवला आणि तो लिहून ठेवावासा वाटला. आपल्या भुकेची नोंद घेणे, हीसुद्धा स्वतःची काळजी घेण्याची पहिली पायरी आहे. हा प्रसंग वाचताना आजही अनेक वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, स्वतःच्या घरातील दिवस आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

(३)

आता आपण काळाने आणि स्थळाने फार दूर असलेल्या एका माणसाकडे वळू. मार्कस ऑरेलियस हा इ. स. १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट होता. त्याच्या कारकिर्दीत साम्राज्याच्या सीमेवर दीर्घकाळ युद्धे चालली आणि साथीच्या रोगाने असंख्य माणसे दगावली. त्याची अनेक अपत्ये लहानपणीच मृत्यू पावली. अशा धकाधकीत, काही काळ लष्कराच्या छावणीत राहून, त्याने ग्रीक भाषेत काही टिपणे लिहिली. ती प्रसिद्ध करण्यासाठी नव्हती. ती त्याने स्वतःसाठीच लिहिली होती. आज ती बारा भागांत वाचायला मिळतात.

पहिल्या भागात त्याने आजोबा, आई, शिक्षक आदींचे स्मरण केले आहे आणि प्रत्येकाकडून आपण काय शिकलो ते नोंदवले आहे. आणखी एके ठिकाणी पहाटे अंथरुणातून उठणे जिवावर येते, तेव्हा मनाला काय सांगावे, याचा विचार आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या स्वामीलाही सकाळी उठण्याचा कंटाळा येत होता, हे वाचून आपल्याला हसू येते आणि धीरही येतो.

मराठी वाचकाला या टिपणांवरून सहजच समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' आठवतील. रामदासांचा जीवनकाल १६०८ ते १६८१ असा आहे. 'मनाचे श्लोक' ही भुजंगप्रयात वृत्तातील २०५ श्लोकांची रचना महाराष्ट्रातील असंख्य घरांमध्ये मुलांच्या तोंडी पाठ असे. रोमन सम्राट आणि मराठी संत यांच्यात दीड हजार वर्षांचे अंतर आहे. त्यांची श्रद्धा आणि जीवनरीतीही भिन्न आहे. तरी दोघांनी एकच मार्ग निवडला. दोघेही मनाशी बोलतात. रामदास तर मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारतात. मन चुकते, भरकटते, हे त्यांना ठाऊक आहे; पण त्याला दटावण्यापूर्वी ते त्याचा मान राखतात. आपण स्वतःशी बोलताना इतक्या आदराने बोलतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

(४)

स्वतःकडे पाहणे म्हणजे केवळ गंभीर होणे नव्हे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. कवी नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह झाल्यावर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नींना दूर राहावे लागले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून जातिभेदाची कल्पना मनातून काढून टाकली आणि १९०० मध्ये त्यांनीही तो धर्म स्वीकारला. एवढे सोसूनही त्यांच्या लेखनात कडवटपणा नाही. घरगुती, बोलक्या मराठीत त्या आपल्या फजितीचे प्रसंग रंगवून सांगतात. स्वतःच्या चुकीकडे पाहून हसता येणे, म्हणजे त्या चुकीबद्दल स्वतःला क्षमा करता येणे होय.

मात्र प्रत्येक दुःख हे आपल्या चुकीतून जन्मलेले नसते. दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना लक्षणीय आहे. लेखकाचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात शिकलासवरलेला दया पवार आणि त्याच्याच आत राहिलेला दगडू यांची भेट होते आणि दगडू आपली कहाणी सांगू लागतो. गावातील महारवाडा, मुंबईतील कावाखाना, पावलोपावली होणारा अपमान हे सारे तो सांगतो. एकाच माणसाच्या दोन रूपांमधील हा संवाद आहे. तो वाचताना आपल्याला कळते, की दगडूने ज्या लाजेचे ओझे वाहिले, ते त्याचे नव्हतेच. ते जातिव्यवस्थेने त्याच्यावर लादले होते. खऱ्या मननाने हा विवेक येतो. जे आपल्या हातून चुकले, ते सुधारावे. जो अन्याय आपल्यावर झाला, त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

(५)

या सर्व पुस्तकांमध्ये एक समान धागा आहे. सम्राटाची टिपणे काय किंवा गृहिणीचे आत्मचरित्र काय, लेखक प्रथम स्वतःशी प्रामाणिक झाला आहे. 'मनाचे श्लोक' उपदेशपर असले, तरी तो उपदेश कवीने मनाला, म्हणजे जणू स्वतःलाही, केलेला आहे. लेखकाने आपल्या मनाशी केलेले बोलणे आपण ऐकतो आणि नकळत आपल्या मनाशी बोलू लागतो. हेच अशा पुस्तकांचे सामर्थ्य आहे.

बाजारात दुसऱ्याही प्रकारची पुस्तके मिळतात. थोड्या दिवसांत यश, संपत्ती किंवा सुख मिळवून देण्याचे आश्वासन ती देतात आणि ते मिळाले नाही तर वाचकाची इच्छाशक्तीच कमी पडली, असे सुचवतात. पुस्तक निवडताना एक साधी कसोटी लावावी. पुस्तक मिटल्यावर आपण स्वतःला अधिक समजून घेतो, की स्वतःला अधिक कमी लेखतो? पहिला अनुभव देणारे पुस्तक जवळ ठेवावे.

अशी पुस्तके भराभर वाचून संपवायची नसतात. दोन-तीन पाने वाचावीत आणि थांबावे. ज्या वाक्याशी मन अडखळले, ते पुन्हा वाचावे. मग वहीत तीन ओळी लिहाव्यात: मला काय आठवले, मला काय वाटले आणि उद्या मी कोणती एक छोटी गोष्ट करीन. ही वही कोणाला दाखवायची नाही, म्हणून तिच्यात शुद्धलेखनाची वा सुंदर भाषेची चिंता करू नये. काही महिन्यांनी जुनी पाने चाळली, तर आपण किती वाट चाललो ते आपल्यालाच दिसेल.

मात्र पुस्तकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. बरेच दिवस झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ वाचनावर विसंबून राहू नये. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे जातो, तसेच मनाच्या दुखण्यासाठीही तज्ज्ञांकडे जावे. त्यात कमीपणा नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार मिळणे हा नागरिकांचा हक्क मानला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. चांगले पुस्तक आपल्याला असा हात पुढे करण्याचे बळ देते, हेही त्याचे एक कार्यच आहे.

राससुंदरी देवीला एक पान वाचण्यासाठी ते लपवावे लागले. आपल्याला आज ते उघडपणे हातात घेता येते. दिवसाच्या शेवटी, सर्वांची कामे उरकल्यावर, त्यातली पंधरा मिनिटे स्वतःसाठी राखून ठेवावीत. ती कोणाकडून हिरावून घेतलेली नसतात. ती आपलीच असतात.

शब्दार्थ

मनन – सखोल विचार, चिंतन
अध्येता – अभ्यास करणारा
रगाडा – कामाची गर्दी, धांदल
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
ताडपत्र – लेखनासाठी वापरले जाणारे ताडाचे पान
विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी
आत्मचरित्र – स्वतः लिहिलेला स्वतःचा जीवनवृत्तान्त

वाक्प्रचार

जिवावर येणे – एखादी गोष्ट करण्याचा अतिशय कंटाळा येणे
आकाश कोसळणे – मोठे संकट ओढवणे
सांगड घालणे – दोन गोष्टी एकमेकींशी जोडणे
कमी लेखणे – कमी महत्त्वाचे समजणे

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.

१. राससुंदरी देवीने ग्रंथाचे पान कोठे लपवले?
(क) देवघरात (ख) स्वयंपाकघरात (ग) शेतात (घ) शाळेत

२. मार्कस ऑरेलियसने आपली टिपणे कोणासाठी लिहिली?
(क) प्रजेसाठी (ख) सैनिकांसाठी (ग) स्वतःसाठी (घ) मुलांसाठी

(आ) रिकाम्या जागा भरा.

१. 'मनाचे श्लोक' हे ________ वृत्तात रचलेले आहेत.
२. 'बलुतं' या आत्मकथनात दया पवार आणि ________ यांचा संवाद आहे.

(इ) चूक की बरोबर ते सांगा.

१. प्रत्येक दुःखाला आपण स्वतःच जबाबदार असतो.
२. स्वतःची काळजी घेणे म्हणजे स्वार्थ नव्हे.

भाषाभ्यास : संबोधन

'मनाचे श्लोक' या रचनेत कवी मनाला 'मना' अशी हाक मारतो. हाक मारताना नामाचे जे रूप होते, त्याला संबोधनाचे रूप म्हणतात. पुढील रूपे पाहा.

मित्र – मित्रा (एकवचन), मित्रांनो (अनेकवचन)
बालक – बालका (एकवचन), बालकांनो (अनेकवचन)
मैत्रीण – मैत्रिणी (एकवचन), मैत्रिणींनो (अनेकवचन)

अनेकवचनी संबोधनात 'नो' हा प्रत्यय लागतो. त्याआधीच्या अक्षरावर अनुस्वार असतो, मात्र 'नो' वर अनुस्वार देऊ नये. 'मित्रांनों' असे लिहिणे अशुद्ध आहे. आदरार्थी 'मित्रहो', 'सज्जनहो' अशी रूपेही वापरली जातात.

सराव : वाचक, विद्यार्थी, शेतकरी या नामांची अनेकवचनी संबोधनरूपे लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• स्वतःची काळजी घेण्यासाठी प्रथम स्वतःकडे लक्ष द्यावे लागते.
• मननाला प्रवृत्त करणाऱ्या पुस्तकांत लेखक स्वतःच्या मनाशी प्रामाणिकपणे बोलतो.
• स्वतःच्या चुकीला क्षमा करणे आणि अन्यायाचा दोष स्वतःकडे न घेणे, या दोन्ही गोष्टी मननातून साधतात.
• वाचन मनाला आधार देते. मात्र आवश्यक तेथे तज्ज्ञांची मदत घेतली पाहिजे.

पाठाधारित प्रश्न

१. शिलाई मशीनच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे, ते स्पष्ट करा.
२. 'आपल्या भुकेची नोंद घेणे, हीसुद्धा स्वतःची काळजी घेण्याची पहिली पायरी आहे,' या विधानाचा राससुंदरी देवीच्या जीवनाच्या आधारे अर्थ सांगा.
३. मार्कस ऑरेलियस आणि समर्थ रामदास यांच्या लेखनातील साम्य लिहा.
४. पुस्तक निवडण्याची कोणती कसोटी पाठात सांगितली आहे? ती तुम्हांला पटते का? सकारण लिहा.

उपक्रम

तुमच्या जवळच्या ग्रंथालयातून एखादे आत्मचरित्र मिळवा. सात दिवस रोज दोन-तीन पाने वाचा आणि पाठात सांगितल्याप्रमाणे वहीत तीन ओळी लिहा. सातव्या दिवशी 'मी स्वतःविषयी काय नव्याने ओळखले' या विषयावर आठ-दहा ओळींचे टिपण तयार करा. ते इतरांना दाखवावे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

उत्तरे

(अ) १. (ख) २. (ग)
(आ) १. भुजंगप्रयात २. दगडू
(इ) १. चूक २. बरोबर
सराव : वाचकांनो, विद्यार्थ्यांनो, शेतकऱ्यांनो